पेटीचा गंधार

आंबोलीच्या घाटमाथ्यावर पावसाळी रात्रीं भजन रंगलें म्हणजे विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. तंबोरा पेटीच्या षड्जाशीं मिळवावा व त्यावर पेटीचा शुद्ध गंधार धरावा. सूर किंचित् चढा लागून थरथरतो. असें कां व्हावें?

षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरलीं, तर तंबोऱ्याच्या नादास जुळणारा गंधार ३०० आंदोलनांचा असतो. पेटीचा सुमारें ३०२.४. षड्जाच्या पांचपटीचा व गंधाराच्या चौपटीचा उपस्वर पहिल्या पक्षीं १२०० वर एक होतात. दुसऱ्या पक्षीं सुमारें साडेनवांचें अंतर पडून सेकंदास तितकेच डोल ऐकूं येतात. (पंचमाची चूक अर्धें आंदोलनही नाहीं, म्हणून ती कोणास बोंचत नाहीं.)

मग पेटी अशी कां लावितात? २४०, ३००, ३७५ असे शुद्ध गंधार एकावर एक रचिल्यास तिसऱ्या पायरीस ४६८.७५ येतात, तारषड्जास ४८० हवींत. म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग केले. त्यायोगें कोणतीही पट्टी षड्ज होऊं शकते, व चार आवाजांचें समूहगान हवें तेथें वळतें.

आमच्या गाणाऱ्याचा षड्ज मात्र अढळ असतो. त्यानें हा तोटा कां सोसावा? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि क्लेमेंट्स साहेबांसह श्रुतींची पेटीही सिद्ध केली. भजनी मंडळांत ती रुजली नाहीं.