आधी पाणी, मागून बटन

भाच्या, खोक्यातून गाडी धुवायचं प्रेशरचं मशीन काढलं, गन जोडली, आता प्लग खोचायला हात शिवशिवत असतील. जरा दम धर. मी जन्मभर जळालेल्या मोटारी भरल्या. त्यांत वयानं गेलेल्या थोड्या, घाईनं गेलेल्याच जास्त. म्हणून एवढं कानात ठेव: चालू करताना आधी पाणी, मागून बटन, बंद करताना आधी बटन, मागून पाणी.

पहिलं लाईटीचं बघ. मशीनच्या पाटीवर वॅट लिहिलेले असतात. १५०० वॅट म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर. टीव्हीच्या बारक्या सॉकेटला हा भार झेपत नाही. प्लग आधी पिवळा पडतो, मग वितळतो. १६ अँपिअरचं सॉकेट बसवून घे. अर्थिंग नुसतं तिसऱ्या भोकापुरतं आहे का खरंच जमिनीत गेलंय, ते वायरमनकडून तपासून घे. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी टाक. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून हे काम करायचं नसतं. आणि लांबी कमी पडली तर पाण्याचा पाईप वाढव, वायर नको. बारीक वायरीचं वेटोळं घातलेलं एक्स्टेन्शन तापतं.

आपल्याकडं रानातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज बसतं. घरातला पंखा रेंगाळायला लागला की मशीन लावू नको. इंडक्शन मोटार असेल तर कमी व्होल्टेजला ती जास्त अँपिअर ओढते आणि वायंडिंग तापतं. कार्बनवाली असेल तर नुसती दम टाकते. मधेच लाईट गेली तर बटन बंद करून चाप दाबून सोड, प्लगही काढ. नाहीतर तू चहा पीत बसशील आणि लाईट आली की मशीन अंगणात आपोआप सुरू होईल.

आता पाणी. बोअरच्या पाण्याबरोबर बारीक रेती येते आणि पंपाच्या सीलांना ती खाते. पाणी आत घेणाऱ्या तोंडाला जाळी असते, ती बसवल्याशिवाय मशीन चालवायचं नाही. बहुतेक मशीनना आत येणारं पाणी ४० अंशांपर्यंतच चालतं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. ते पंपाला देऊ नको, सकाळीच काम उरक. बादलीतून पाणी ओढणारं मशीन असेल तर बादली मशीनच्या बरोबरीनं ठेव आणि पाईप आधी पाण्यानं भरून घे.

नळ पूर्ण सोड. बटन बंदच ठेवून गनचा चाप दाब. आधी फुर्र फुर्र करत हवा येईल, थुंकल्यासारखं पाणी उडेल. धार सलग झाली की मगच बटन दाब. पंपाला गारवा आणि वंगण त्या पाण्याचंच असतं. कोरडा फिरला की सील गेलेच. चालू असताना धार दमत असेल, पंप खडखडत असेल, तर पाईपला कुठं पीळ बसलाय का, क्लिप सैल आहे का, ते बघ.

जोर किती असतो, तो हिशेब समजून घे. मोटारसायकलच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा असते. इथं १०० बार म्हणजे १४५० पीएसआय. बारीक धार कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण आत पाणी आणि घाण पसरलेली असते. असं झालं तर हळद लावून बसू नको, तडक दवाखाना गाठ. पायावरचा चिखल या गननं धुवायचा नाही. खांदेमळणीला, पोळ्याला बैलांवरही गन धरायची नाही; त्यांना हातानंच चोळ.

ट्रॅक्टरवर काळ्या मातीचा चिखल वाळून दगड झालेला असतो. आधी खुरप्यानं ढेकळं पाड, बादलीभर पाणी शिंपड, दहा मिनिटं मुरू दे, मग पंख्यासारखी रुंद धार हातभर लांबून मार. रेडिएटरच्या पात्यांवर, बेअरिंगवर, डायनामो-स्टार्टरवर सरळ धार नको. पाती वाकतात, ग्रीस निघून जातं. धुऊन झाल्यावर निपलांना ग्रीस मारायला विसरू नको. शहाबादी फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट जोरानं उडतं, आणि माळवदाच्या घराच्या मातीच्या भिंतीकडं तर गन वळवूच नको.

पाटीवर तासाला ३६० लिटर असं लिहिलं असेल तर मिनिटाला सहा लिटर. साध्या पाईपातून १५-२० लिटर सहज जातात. पण बचत होते ती चाप सोडण्यामुळं. एका जागेवरून दुसऱ्या जागेकडं जाताना चाप सोड. जुलै २०१५ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, त्या जिल्ह्यात आपण राहतो. टँकर दारात येत असेल त्या दिवसांत गाडी फडक्यानंच पुसावी.

काम झालं की बटन बंद, मग नळ बंद, मग चाप दाबून आतला दाब उतरव. त्याच्याआधी पाईप काढायला गेलास तर तो हिसका देतो. उरलेलं पाणी काढ, जाळी धू, मशीन सावलीत ठेव. बोअरच्या क्षारांनी नोझल बुजतं, ते सोबत दिलेल्या सुईनं मोकळं कर.

शेजारीपाजारी मागायला येतीलच. नाही म्हणू नको, पण मशीन हातात देण्याआधी हा क्रम त्यांच्या तोंडून वदवून घे.