लॅपटॉप घेण्याआधी

कोपरखैरणे, नवी मुंबई

चि. सोनू हिस,


मसाल्याच्या धंद्यासाठी जिओबुक घेऊ का, असं विचारलंस. मेसेजमध्ये किंमत, वजन, बॅटरी सगळं लिहिलंस. त्यावर काम काय करणार, ते मात्र कुठेच नाही. आधी कागद घे आणि आठवड्याची कामं लिहून काढ: ऑर्डरी, बिलं, पुड्यांवरची लेबलं, बँक, फूड लायसन्सचं पोर्टल, सीएंकडे द्यायचा हिशेब. मग प्रत्येक कामापुढे लिही, ते ब्राउझरमध्ये होतं की वेगळं सॉफ्टवेअर लागतं. कुठला लॅपटॉप घ्यायचा ते त्या कागदावरून ठरेल.

जिओबुक तसं आमच्या शेजारचंच; घणसोलीचं रिलायन्स कॉर्पोरेट पार्क इथून हाकेच्या अंतरावर. 2023च्या ऑगस्टमध्ये त्याचं नवं मॉडेल 16,499 रुपयांना बाजारात आलं, पुढच्या वर्षी किंमत 12,890वर उतरली. वजन 990 ग्रॅम, स्क्रीन 11.6 इंची, 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण आणि आत 4जीची सोय. गावाकडे वायफाय नसताना ही शेवटची गोष्ट फार कामाची. शाळेतल्या मुलाला अभ्यासाला हवा असता, तर मी लगेच हो म्हटलं असतं.

पण त्यात विंडोज नाही. त्याची जिओओएस ही प्रणाली अँड्रॉइडवर बेतलेली आहे आणि प्रोसेसरही टॅबलेटमध्ये असतो तसला. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर त्यावर बसवता येत नाही. तुझे सीए टॅलीचा बॅकअप पाठवतील, तो तुला उघडता येणार नाही. उद्या डिजिटल सहीचं टोकन घ्यावं लागलं, तर त्याचे ड्रायव्हर बहुतेक विंडोजसाठीच असतात. लेबल प्रिंटरचंही तेच. मी इथे छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब बघते. स्वस्तात घेतलेलं मशीन अडतं ते नेमकं अशाच एखाद्या कामाला, आणि ते काम तर रोजचं असतं. तुझ्या कागदावर असं एक जरी काम निघालं, तरी जिओबुक घेऊ नकोस.

दुकानदार मग स्वस्तातला विंडोजवाला पुढे करेल. त्यातही 4 जीबी रॅम आणि 64 जीबी ईएमएमसी साठवण असेल, तर हात लावू नकोस. विंडोज 11 चालायला मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरजच तेवढी आहे; अपडेट आले की जागा संपते, आणि हे भाग बहुधा बोर्डावरच जोडलेले असल्यानं नंतर वाढवता येत नाहीत. 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी यांच्या खाली उतरू नकोस. त्यासाठी प्रोसेसर थोडा साधा घ्यावा लागला तरी चालेल. विंडोज ‘एस मोड’मध्ये असेल, तर फक्त त्यांच्या स्टोअरमधलीच सॉफ्टवेअर बसतात. तो मोड फुकट काढता येतो, दुकानातच काढून घे.

वापरलेला, दुरुस्त केलेला लॅपटॉप मला वाईट वाटत नाही. कंपन्यांतून निघालेली मशीनं दणकट असतात. मात्र विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, एखाददुसरा सोडला तर, विंडोज 11च्या यादीत नाहीत. म्हणून पिढी विचारल्याशिवाय भाव विचारू नकोस. बॅटरी तपासायला कमांड प्रॉम्प्ट उघड, ‘पॉवरसीएफजी’ लिही, जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’, सगळं इंग्रजी अक्षरांत. एक फाइल तयार होते. तिच्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे शोध. पहिला 45,000 आणि दुसरा 20,000 असेल, तर बॅटरी निम्म्याहून जास्त गेली. तुमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही, तेव्हा नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून माग.

दुकानात उभी राहून पानभर टाइप कर, मराठीत. ‘कांदा-लसूण मसाला’पासून पुडीवरचा सगळा मजकूर लिही. एखादं बटण दाबूनही अक्षर उमटत नसेल, तर ते तिथेच कळेल. स्क्रीन थोडी मागे कलती करून बघ; रंग फिकट पडून अक्षरं दिसेनाशी झाली, तर दिवसभराच्या कामाला डोळे शिणतील. जमलं तर प्रिंटर सोबत ने आणि एक लेबल छापायला लाव. दुकानदार नुसतं ‘चालेल’ म्हणाला, तर चालवून दाखवायला सांग. यात संकोच करू नकोस, पैसे तुझ्या कष्टाचे आहेत.

बिल पक्कं घे. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुझा नंबर घाल. लॅपटॉपवर 18 टक्के कर लागतो, तो वजावटीला मिळतो. कंपोझिशन योजनेत असशील तर मिळत नाही, हे आधी सीएंना विचार. सर्व्हिस सेंटर तुमच्याकडे कराडला आहे का, तेही बघ. दुरुस्तीसाठी मशीन इकडे पाठवायचं म्हणजे ऑर्डरी तेवढे दिवस अडकल्या.

एवढं सगळं बसवताना पैसे कमी पडले, तर दिवाळीच्या ऑर्डरी होईपर्यंत थांब. तोवर वही आणि मोबाइल आहेच. कामांच्या त्या कागदाचा फोटो मला रविवारच्या आत पाठव, मग फोनवर बोलू.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या