मांजर घराचे की माणसाचे?



गेल्या महिन्यात विज्ञानाच्या तासाला सहावीतील एका मुलीने विचारले, "बाई, आम्ही दांडिया बाजारातले जुने घर सोडून फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहोत. आजी म्हणते, कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचे. मनीला इथेच राहू दे. पण मनी दिवसभर माझ्याच मागे असते. मी गच्चीवर गेले की गच्चीवर, अभ्यासाला बसले की वहीवर. मग ती घराची कशी?"

वर्गात लगेच दोन तट पडले आणि तास संपेपर्यंत वाद मिटला नाही. त्या मुलीच्या घरी तर दोन आठवड्यांत निर्णय व्हायचा होता. म्हणून आम्ही हा विषय नीट अभ्यासला. तोच पाठ आज सर्वांसाठी देत आहोत.

मांजर माणसाजवळ कसे आले?

आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर. त्याचे शास्त्रीय नाव फेलिस लिबिका. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, तेव्हा कोठारांत उंदीर झाले आणि उंदरांच्या मागे मांजर वस्तीत आले. कुत्र्याला माणसाने राखणीच्या व शिकारीच्या कामाला लावले. मांजर मात्र आपल्या गरजेने आले आणि राहिले.

सायप्रस या बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजराचा सांगाडा सापडला. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मांजरे मुळात नव्हती. म्हणजे कोणीतरी ती होडीतून तेथे नेली असली पाहिजेत. राहण्याची जागा बदलताना मांजर बरोबर नेणे ही रीत इतकी जुनी आहे!

मांजर मागे मागे का येते?

रानमांजर एकटे राहते व एकटेच शिकार करते. पिल्लू असताना मात्र ते आईच्या मागे चालते, शेपटी उभी करून तिच्याकडे धावते, म्याँव करून तिला हाक मारते. मोठे झाल्यावर या सवयी सुटतात. पाळीव मांजर मोठेपणीही माणसाशी असेच वागते. मोठी मांजरे एकमेकांशी बोलताना 'म्याँव' फार क्वचित करतात. तो आवाज बहुतेक आपल्यासाठी राखलेला असतो.

मागे येण्याची आणखीही कारणे आहेत. पहिले कारण भूक. दूध तापवायची वेळ झाली की मनी पायांत घुटमळते, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरे कारण वास. मांजराच्या गालांवर, कपाळावर व शेपटीच्या बुडाशी गंधग्रंथी असतात. अंग घासून ते आपला वास तुमच्या पायाला लावते, म्हणजे तुम्ही 'आपल्यातले' ठरता. तिसरे कारण कुतूहल. बंद दाराआड काय चालले आहे, हे त्याला पाहायचे असते. पण पोट भरलेले असताना, खेळायचे नसतानाही ते तुमच्या खोलीत येऊन नुसते बसते, त्याचे काय?

प्रयोग काय सांगतात?

२०१३ साली जपानमधील संशोधकांनी दाखवले की मांजर अनोळखी आवाजांतून आपल्या माणसाचा आवाज ओळखते. २०२१ साली क्योटो विद्यापीठातील संशोधकांनी एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराला खोलीत ठेवून बाहेर एका जागेवरून मालकाचा आवाज ऐकवला. थोड्याच वेळात तोच आवाज दुसऱ्या, दूरच्या जागेवरून ऐकवला. मांजरे चकित होऊन इकडेतिकडे पाहू लागली. याचा अर्थ, आपण दिसत नसलो तरी कोठे आहोत, याची नोंद ती मनात ठेवतात.

अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठात २०१९ साली ७० पिल्लांची परीक्षा घेतली. अनोळखी खोलीत पिल्लू दोन मिनिटे आपल्या माणसाबरोबर, मग दोन मिनिटे एकटे, मग पुन्हा दोन मिनिटे त्या माणसाबरोबर. माणूस परत आल्यावर सुमारे ६४ टक्के पिल्ले त्याला भेटून शांत झाली व पुन्हा खोली पाहू लागली. बाकीच्यांतील काही चिकटूनच बसली, काही दूर राहिली. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. सारखे चिकटून बसणे ही जास्त प्रेमाची खूण नव्हे, ती बेचैनीची खूण असू शकते. भेटून पुन्हा आपल्या उद्योगाला लागणारे मांजर निर्धास्त असते.

इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाने २०१५ साली २० मोठ्या मांजरांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा होता. सुरक्षित वाटण्यासाठी मांजर कुत्र्यासारखे मालकावर विसंबून नसते, असे त्यात म्हटले होते. दोन्ही एकत्र वाचले तर एवढे म्हणता येते की मांजर एकटे राहू शकते, तरीही अनेक मांजरांना आपल्या माणसाची सोबत हवी असते.

मग आजींचे चुकले का?

पूर्ण चुकले नाही. मांजर आपल्या परिसराला धरून असते. कोपऱ्याकोपऱ्याला त्याने वास लावलेला असतो. नव्या जागी लगेच मोकळे सोडले तर ते जुन्या घराकडे परत जाऊ पाहते. आपल्या वडीलधाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिले होते, त्यावरून ती समजूत झाली. परंतु मागे राहिलेल्या मांजराला रिकामे घर जेवू घालत नाही. आजकाल तर जुने घर पाडून तेथे इमारत उठते. मग घराचे म्हटलेले मांजर कोणाचे?

पालकांसाठी

घर बदलताना मांजर टोपलीत किंवा पिंजऱ्यात न्यावे. सुरुवातीला एकाच खोलीत ठेवावे; त्याचे जुने अंथरूण व वाटी न धुता तेथे ठेवावी. दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नये. वरच्या मजल्यावर खिडक्या व गॅलरीला जाळी लावावी. पॅरासिटॅमॉल मांजराला विषारी आहे, ते कधीही देऊ नये. मांजर एकाएकी फार चिकटू लागले किंवा लपू लागले, तर पशुवैद्यांना दाखवावे. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

आपल्या शाळेच्या मागच्या दाराशी दर पावसाळ्यात कोणीतरी पोत्यातून पिल्ले आणून सोडते, हे विश्वस्त मंडळींनीही पाहिले आहे. पिल्ले नको असतील तर मांजराची नसबंदी करून घ्यावी. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार प्राण्याला उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. प्राणिमात्रांवर दया करणे हे तर राज्यघटनेच्या कलम ५१-क मधील आपले मूलभूत कर्तव्य आहे.

मनी आता चौथ्या मजल्यावर राहते. पहिले चार दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही. पाचव्या दिवशी ती आपण होऊन आजींच्या मागे देवघरापर्यंत गेली. आजी म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आपलीच निघाली."

स्वाध्याय

१. घरातील किंवा शेजारच्या मांजराचे सात दिवस निरीक्षण करा. ते कोणाच्या मागे, केव्हा जाते? भूक, कुतूहल की सोबत? तक्ता करा.
२. मांजर शांत बसलेले असताना त्याच्याकडे पाहून सावकाश डोळे मिटा व उघडा. ते काय करते, ते लिहा.
३. 'मांजर घराचे की माणसाचे?' घरातील वडीलधाऱ्यांचे मत विचारा व दहा ओळी लिहा.