आकडा वर गेला, म्हणजे आजार उलटला का?

प्रश्न : वडिलांना सीएमएल हा रक्ताचा कर्करोग आहे, इमॅटिनिबच्या गोळ्या चालू आहेत. आजाराचं प्रमाण दाखवणारं बीसीआर-एबीएल ०.०३ वरून ०.०६ टक्के झालं. झोप उडाली आहे.

उत्तर : एवढ्यावरून आजार उलटला असं म्हणता येत नाही. ०.१ टक्क्याच्या आतले दोन्ही आकडे चांगल्या प्रतिसादातच मोडतात. हे मोजणारी पीसीआर चाचणी इतकी सूक्ष्म आहे की तोच नमुना पुन्हा तपासला तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणून दर वेळी एकाच प्रयोगशाळेत जा.

एक गोष्ट मात्र वडिलांना न रागावता विचारा : गोळ्या चुकतात का? पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळतं, म्हणून पुष्कळ जण गुपचूप गोळी टाळतात. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा. त्रासावर उपाय असतात. आकडा ०.१ ओलांडून फेरतपासणीतही वरच राहिला, तर म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या बदलाची, चाचणी करतात. गरज पडल्यास डॅसॅटिनिब, निलोटिनिबसारखी औषधं आहेत.