बाळाला झोपवायला औषध नको

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायचं तरी पंधरा-सोळा तास लागतात. तान्ह्या बाळाला घेऊन निघायचं ठरलं की कुणीतरी हमखास सुचवतं, ‘चमचाभर सर्दीचं औषध पाजा, गुडूप झोपेल.’ माझं कळकळीचं सांगणं आहे, हे करू नका. या औषधांची गुंगी हा त्यांचा दुष्परिणाम आहे, आणि लहान जिवावर तो किती होईल याचा भरवसा नाही. यांतल्याच प्रोमेथाझिन या औषधामुळे दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाल्याचं दिसलं, तेव्हा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडेही सर्दीच्या औषधांतलं क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश २०२३ च्या डिसेंबरात निघाला. त्यात विमानातल्या हवेचा दाब आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका खाली येऊ शकतो. म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट. दिवे मालवलेल्या केबिनमध्ये, दमलेल्या आईबापांना बाळाचा श्वास मंदावल्याचं कळणार कसं? शिवाय काही मुलं या औषधाने झोपायची सोडून उलट सैरभैर होतात.

यावर म्हणतात, डॉक्टरांनीच तर लिहून दिलंय. दिलं असेल, पण तपासून, सर्दीसाठी. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: रात्रभर रडणाऱ्या मुलामुळे आजूबाजूचे प्रवासी हैराण होतात. होतात. मात्र विमान उतरताना बाळ किंचाळतं ते बहुतेकदा कानामुळे. बाहेरचा दाब वाढत जातो, घसा आणि कान जोडणारी बारीक नळी उघडत नाही आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. ती नळी उघडते गिळताना, आणि झोपेत माणूस फार कमी गिळतो. म्हणजे औषधाने झोपवलेल्या बाळाचे कान दुखण्याची शक्यता उलट वाढते. विमान जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधीच खाली यायला लागतं. तेव्हा बाळ झोपलेलं असेल तर हलकेच उठवा आणि अंगावर घ्या किंवा बाटली द्या. थोडं मोठं असेल तर घोट घोट पाणी पाजा. बरेच जण आधीच पोटभर पाजून मोकळे होतात आणि नेमक्या वेळी बाळ तोंड फिरवतं. हातसामानातल्या द्रवांवरची शंभर मिलीलीटरची मर्यादा बाळाच्या दुधाला सहसा नसते. सुरक्षा तपासणीत ते वेगळं काढून दाखवा आणि शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा.