प्रतिध्वनीचे गणित

विद्युत् गिटारची तार छेडली की तिच्याखालील चुंबकीय पिकअपमध्ये अत्यंत क्षीण विद्युत्‌दाब निर्माण होतो. ध्वनिवर्धकाकडे जाण्यापूर्वी तो वादकाच्या पायाशी ठेवलेल्या पेटीतून, म्हणजे पेडलमधून, नेला तर त्याला हवे ते रूप देता येते. १९७४ साली जपानच्या रोलँड कंपनीने आणलेल्या ‘स्पेस एको’ या यंत्रात प्रतिध्वनीसाठी चुंबकीय फीत फिरत असे. आता तेच कार्य अंकांच्या साहाय्याने साधता येते.

अंकीय पेडल हा विद्युत्‌दाब सेकंदाला ठरावीक वेळा मोजते. मनुष्याला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. ज्या कंपनसंख्येची नोंद करावयाची, तिच्या दुपटीहून अधिक मोजमापे आवश्यक असतात. म्हणून सेकंदाला ४४,१०० हे प्रमाण रूढ झाले. प्रतिध्वनी निर्माण करणे म्हणजे ही मोजमापे स्मृतीत साठवून काही काळाने पुन्हा बाहेर काढणे होय. ०.३ सेकंदाच्या विलंबासाठी १३,२३० मोजमापे साठवावी लागतात. प्रत्येकी दोन बाइट धरल्यास त्यांना २६,४६० बाइट स्मृती लागते.

नवशिक्याची गफलत होते ती येथेच. अर्डुइनो मालिका २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे सुरू झाली. तिच्यातील ‘उनो’ या फलकाची कार्यस्मृती अवघी २,०४८ बाइट आहे. ती संपूर्ण वापरली तरी वरील प्रमाणाने विलंब जेमतेम ०.०२३ सेकंद भरतो, आणि इतक्या अल्प अंतराने आलेला ध्वनी कानाला सहसा निराळा जाणवत नाही. मोजमापांचे प्रमाण घटविले तर विलंब वाढतो, परंतु उंच स्वर हरवतात. याउलट ‘ड्यू’ या फलकाच्या ९८,३०४ बाइटमध्ये एक सेकंदाहून अधिक विलंब सामावू शकतो. इलेक्ट्रोस्मॅशच्या ‘पेडलशील्ड’ या मुक्त प्रकल्पात याच फलकाचा उपयोग केलेला आहे.

प्रतिध्वनी हळूहळू विरत जावा म्हणून बाहेर पडणाऱ्या अंकाला, समजा, ०.५ ने गुणून तो पुन्हा आत सोडतात. प्रत्येक आवृत्ती आधीच्या निम्मी होते. हा गुणक १ झाला तर ध्वनी विरतच नाही. त्यात नव्या स्वरांची भर पडत जाऊन अंकांची मर्यादा ओलांडली जाते व केवळ कर्कश गोंगाट उरतो.

बंद पेटीत असा गुणक निर्माता ठरवितो. मुक्त प्रकल्पात मंडलाचा आराखडा आणि आज्ञावली ही दोन्ही प्रसिद्ध केलेली असतात. त्यामुळे निर्मात्याने उत्पादन थांबविले तरी पेडल दुरुस्त करता येते. आणि ते बिघडले का, हेही समजून घेता येते.