मोजपट्टी घेऊन दारोदार

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुण्याचा भाचा घरी आला होता. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया असं ताट वाढलेलं. जेवता जेवता तो म्हणाला, "मावशी, जे लोक वजन वाढवून ठेवतात, त्यांच्याकडून सरकारने जादा पैसे घ्यायला पाहिजेत. त्यांच्या दवाखान्याचा खर्च आम्ही टॅक्स भरणाऱ्यांनी का उचलायचा?" सणाच्या ताटावर वाद नको म्हणून मी त्याला अजून थोडा रस वाढला आणि गप्प बसले.

पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. धरणगाव तालुक्यात मी १६ वर्षं आशा स्वयंसेविका म्हणून काम करते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या कमरेला टेप लावून माप लिहून घेणं हे माझ्या कामातच येतं. म्हणजे सरकारचा हात लोकांच्या पोटापर्यंत माझ्यामार्फतच पोचतो. त्यामुळे भाच्याला उत्तर देणं माझं काम आहे. ते मला उशिरा सुचलं, म्हणून लिहून काढते आहे.

१. मापाला पैसा चिकटला की दार बंद होतं

आमच्याकडे एक फॉर्म असतो, सगळ्या आशा त्याला 'सीबॅक' म्हणतात. त्यात वय, तंबाखू, दारू, चालणं-फिरणं, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, असे प्रश्न असतात आणि प्रत्येकाला गुण असतात. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य, ९० पर्यंत एक, त्याच्या वर दोन. पुरुषांसाठी हेच आकडे ९० आणि १००. एकूण गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं.

हे काम नवीन सुरू झालं तेव्हाची गोष्ट. एका गल्लीत मी टेप काढली तशी एक बाई दोन पावलं मागे सरकली. "हाई माप कसाले लेतस ताई? मी जाडी शे तं दंड पडी का?" मी म्हटलं, दंड कशाचा, उलट फुकट तपासणी आहे. तिचा विश्वास बसला नाही. कुणीतरी उठवून दिलं होतं की ज्यांची पोटं सुटलेली त्यांची पिवळी रेशनकार्डं रद्द होणार, खाऊन-पिऊन सुखी आहेत म्हणून. पुढचे चार दिवस त्या गल्लीत मला कुणी बसा म्हटलं नाही. ज्या बायांनी माप दिलं त्यांनीही श्वास आत ओढून, पोट पाठीला लावून दिलं.

त्या मागे सरकलेल्या बाईला मी तीन महिन्यांनी कशीबशी उपकेंद्रावर नेलं. तिची शुगर तीनशेच्या वर होती. तीन महिने आधी कळली असती. नुसत्या दंडाच्या अफवेने एवढा उशीर केला, तर खरोखरचा दंड किती जणींना घरात बसवेल, याचा हिशेब मला करवत नाही.

२. जाड म्हणजे आजारी आणि बारीक म्हणजे निरोगी, हे आपल्या मातीत खोटं आहे

कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पाहा. हात काड्यांसारखे, गालफडं बसलेली. किलोवर मजुरी, म्हणून दिवसभर वाकून वेचतात. त्यांतली एक मला म्हणाली होती, "माले काय व्हस? मी तं काडीसारखी शे." तिचं वजन ४४ किलो होतं आणि शुगर २६०.

हे का होतं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवून दिलं. २००४ मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा होता: २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे, आत जमीन-अस्मानाचा फरक. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत जन्मणारी बाळंही तशीच निघाली. वजनाला कमी, हाता-पायांत मांस नाही, पण चरबी शाबूत. आईच्या पोटात असतानाच अन्न पुरलं नाही की शरीर असं घडतं.

आता सांगा, सरकारने वजनकाटा लावून पैसे घ्यायचे ठरवलं तर कोण सापडेल? मार्केट यार्डात पोती उचलणारा भरभक्कम हमाल सापडेल. कापूस वेचणारी माझी ४४ किलोची बाई सुटेल. आणि तिचा आजार तिच्या आईच्या उपासातून आला असेल, तर त्याचं बिल कुणाच्या नावाने फाडायचं?

३. जादा पैसे मागितले की माणूस बारीक होत नाही, बाहेर पडतो

हे माझ्या घरातलं आहे. माझे दीर टेम्पो चालवतात. ९८ किलो वजन. ते आरोग्य विमा काढायला गेले होते. कंपनीने वजन आणि बीपी दाखवून हप्ता एवढा वाढवून सांगितला की त्यांनी पॉलिसीचा नादच सोडून दिला. वजन किलोभरही कमी झालं नाही. तीन वर्षांनी छातीत दुखलं. जळगावला नेलं, अँजिओप्लास्टी झाली. पैसे कुणी भरले? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने, म्हणजे सरकारने.

भाच्याच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही. माणसाला महागाईने बाहेर ढकललं तर त्याचा आजार काही बाहेर जात नाही. तो मोठा होऊन, शेवटच्या पायरीवर, सगळ्यात महाग होऊन सरकारच्याच दारात येतो. दिरांची बीपीची गोळी महिन्याला किती रुपयांची होती आणि अँजिओप्लास्टीतला तो स्टेंट किती रुपयांचा, हे मी दोन्ही बिलांवर पाहिलं आहे.

ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यात आपल्या शेजारचा धुळे जिल्हा होता. नाव २०१७ मध्ये बदललं. रुग्ण दारात आला की रेशनकार्ड बघतात, त्याचं वजन किती म्हणून खर्च नाकारत नाहीत. तिचं मोठेपण मला त्यातच वाटतं. ते घालवू नये.

४. अमळनेरच्या डब्याने शिकवलं

माझं माहेर अमळनेरकडचं. १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली. तेव्हा तिथे 'सनफ्लॉवर' वनस्पती तूप बनायचं. आमच्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला 'डालडा'च म्हणत. साजूक तूप परवडायचं नाही, म्हणून लग्नाचे लाडू, शंकरपाळे, पंगतीतली बुंदी सगळं डालड्यात. रिकाम्या डब्यात आई तुळस लावायची. त्यात काही वाईट असेल असं त्या काळात कुणाच्या मनातही नव्हतं, ना बनवणाऱ्याच्या, ना खाणाऱ्याच्या.

पुढे शास्त्रज्ञांना कळलं की तेल असं गोठवताना जी ट्रान्स चरबी तयार होते ती हृदयाच्या नळ्या बुजवते. मग सरकारने काय केलं? लाडू खाणाऱ्यांना शोधून पावत्या फाडल्या नाहीत. कारखान्यांना मर्यादा घातली. तेला-तुपात ट्रान्स चरबी २०२१ पासून ३ टक्क्यांच्या वर नको, जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांच्या वर नको. माझ्या गावातल्या एकाही बाईला हे माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही पडली नाही. तिच्या कढईतलं विष तिला न विचारता, तिला न लाजवता कमी झालं. मला सरकारकडून हे असं काम हवं आहे.

५. जो हात साखर देतो त्याने कंबर मोजून पैसे मागू नयेत

२०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला. १०० रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर, एक लिटर पामतेल. मी त्याला नावं ठेवणार नाही. कित्येक घरांत त्या पिशवीवरच फराळ झाला, पोरांनी करंज्या खाल्ल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्या पिशवीत काय होतं ते पुन्हा वाचा.

आणि रोजच्या ताटाचं काय? माझी आजी कळण्याची भाकरी खायची, ज्वारीत उडीद घालून दळलेली. सोबत ठेचा, नाहीतर मेहरूणच्या बोरांएवढा कांदा फोडून. आज आमच्या काळ्या रानात जिकडे तिकडे कापूस. ज्वारी पेरायची तर पाखरं राखायला माणूस नाही, कापणीला मजूर नाही आणि भाव कापसासारखा नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, तोही जानेवारी २०२३ पासून फुकट. मग विकतची ज्वारी कोण आणणार? घरात पोळी, भात आणि पाहुणे आले की तर्री तरंगणारी शेवभाजी. हे ताट माप देणाऱ्या बाईने एकटीने निवडलेलं नाही. कापसाचा भाव, रेशनचं धान्य, पामतेलाची किंमत, सगळ्यांनी मिळून ते वाढलं आहे. मग तिच्या कमरेचे ९४ सेंटिमीटर भरले, तर ते तिच्या एकटीच्या नावावर कसे लिहायचे?

६. कर लावायचा तर बाटलीवर लावा

मी कराच्या विरोधात नाही. तंबाखूवर जितका लावाल तितका मला कमीच वाटेल. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये बंदीच घातली. आजही तो चोरून मिळतो हे खरं, पण टपरीवर लटकणाऱ्या माळा गेल्या, तेवढी नवी पोरं वाचली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गोड थंड पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. हे मला पटतं, कारण तो कर बारकाही भरतो आणि जाडाही भरतो. पिणाऱ्याची कुणी कंबर मोजत नाही. मेक्सिकोने २०१४ मध्ये लिटरमागे एक पेसो असाच कर बसवला. पण २२ सप्टेंबरलाच आपल्याकडे बिस्किटांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणि पाकीटबंद फरसाणावरचा १२ वरून ५ वर आला. अंगणवाडीच्या रस्त्यावर सकाळी पोरांच्या हातात बाटलीपेक्षा पुडाच जास्त दिसतो मला. त्याच दिवशी वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर शून्य झाला, ते मात्र फार चांगलं झालं. दिरांच्या वेळी झालं असतं तर.

थंड पेयांचा तो पैसा कुठे जातो, हे मात्र मी विचारणार. त्यातून उपकेंद्रावर शुगर तपासायच्या पट्ट्या येऊ देत. पट्ट्या संपल्या की मी चार मैलांवरून आणलेली बाई परत पाठवते. ती दुसऱ्यांदा येत नाही.

७. बक्षीस आणि दंड एकाच नाण्याने देता येत नाहीत

आपल्या राज्यात तंदुरुस्ती राखणाऱ्या पोलिसांना महिन्याला २५० रुपये भत्ता देतात. त्याला माझी हरकत नाही, तो त्यांच्या नोकरीचा भाग आहे. आता दंडाचं पाहा. जपानमध्ये २००८ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांच्या कमरा मोजतात, पुरुषांना ८५ सेंटिमीटर आणि बायांना ९० ही रेघ. ऐकणाऱ्याला वाटतं तिथे जाड माणसाला दंड होतो. तसं नाही. रेघ ओलांडणाऱ्याला सल्ला देतात, आणि पैशाचा बोजा पडतो तो लोकांची काळजी न घेणाऱ्या विमा संस्थांवर. म्हणजे विचारणा कुणाला, हे त्यांनी नीट ठरवलं.

८. चालायला जागा

सीबॅकच्या फॉर्ममध्ये प्रश्न आहे: आठवड्यातून १५० मिनिटं व्यायाम होतो का? एक बाई म्हणाली, "खेतमा जास मी रोज, ते धरतस का नही?" मी धरलं. पण ज्या शेतात जात नाहीत, त्यांचं काय? दळण गिरणीवर, पाणी मोटारीवर. ही सुखं त्यांना उशिरा मिळाली, ती मी काढून घ्या म्हणणार नाही. मग चालायचं कुठे? पहाटे अंधार, रस्त्याला दिवे नाहीत, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, कुत्री, आणि सून नुसतीच फिरायला निघाली तर सासू विचारते कुठे निघालीस.

पहिल्या गल्लीतली ती मागे सरकलेली बाई आणि तिच्या दोन शेजारणी, तिघी आता संध्याकाळी शाळेच्या मैदानावर चालतात. त्यासाठी मी तिच्या सासूला तीनदा भेटले, मुख्याध्यापकांना फाटक सातपर्यंत उघडं ठेवायला सांगितलं. खर्च शून्य. तिच्या गोळ्या उपकेंद्रावर दहा दिवसांच्याच मिळतात, तेवढ्यासाठी तिची महिन्याला तीनदा मजुरी बुडते. तीस दिवसांच्या द्या म्हणून मी अर्ज दिला आहे. मागच्या आठवड्यात माप घ्यायला गेले तर तिने टेपचं टोक स्वतःच बेंबीजवळ धरलं. श्वास आत ओढला नाही. ९१ भरलं. तिने मागचा आकडा विचारला, मी फॉर्म काढून तिला दाखवला, आणि तिने आतून सासूला हाक मारली, माप द्यायला.